साडेतीन हजार मीटरवर झोपेची गोळी तपासताना

विमानाने थेट लेहला उतरलेल्या मैदानी माणसाची पहिली रात्र बहुधा वाईट जाते. डोकं ठणकतं, घसा कोरडा पडतो, आणि डोळा लागतो न लागतो तोच श्वास अडकल्यासारखं होऊन जाग येते. पर्यटक मग सोबत आणलेली झोपेची गोळी काढतात. एकाने त्यांना बजावलेलं असतं, 'उंचीवर झोपेची गोळी घेऊ नका, श्वास थांबेल', आणि दुसऱ्याने धीर दिलेला असतो, 'अर्धी घेतली तर काही होत नाही'. यात खरं किती, हे मोजून पाहण्याचं आमचं काम. पहिला टप्पा पुण्यातल्या प्रयोगशाळेत, दुसरा लेहमध्ये, साधारण ३५०० मीटरवर. कागदावर ते सोपं दिसतं: गोळी द्या, रात्रभर सॅच्युरेशन (रक्त ऑक्सिजनने किती टक्के भरलंय ते) मोजा, नकली गोळीच्या रात्रीशी ताडून पाहा. प्रत्यक्षात गोळीचा परिणाम सापडण्याआधी त्याला झाकणाऱ्या दहा गोष्टी बाजूला कराव्या लागतात. त्या कोणत्या, हे इथे लिहीत आहोत.

आधी श्वासाचं गणित. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिमी पारा असतो, लेहला तो ५०० च्या आसपास, हिवाळ्यात त्याहून थोडा कमी. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण दोन्हीकडे २०.९ टक्केच. आत घेतलेली हवा ओली होते, म्हणून वाफेचे ४७ मिमी वजा करायचे आणि उरलेल्याचे २०.९ टक्के काढायचे. मुंबईत उत्तर येतं १४९, लेहला ९५. शरीर जोरजोरात श्वास घेऊन ही तूट भरून काढतं आणि त्या भरात कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो. जागेपणी हे चालून जातं. झोपेत मात्र श्वास चालवणारा मुख्य इशारा कार्बन डायऑक्साइडचा असतो, आणि तो एका पातळीखाली गेला की मेंदू श्वासाचा हुकूमच देत नाही. दहा-पंधरा सेकंद छाती हलत नाही. तेवढ्यात ऑक्सिजन घसरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो, मग तीन-चार खोल श्वास येतात, बऱ्याचदा त्यांच्याबरोबर अर्धवट जागही येते, आणि पुन्हा शांतता. हे आवर्ती श्वसन. इटलीचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी आल्प्समधल्या मॉन्टे रोझावरच्या ४५५४ मीटर उंचीच्या कापाना मार्गेरिता या निवाऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्याची नोंद घेतली होती.

आता यात गोळी घाला. बेंझोडायझेपिन काय किंवा झोल्पिडेम काय, झोपेच्या गोळ्यांचे हे दोन्ही प्रकार मेंदूला शांत करणाऱ्या गाबा-ए रिसेप्टरवर काम करतात. त्यांनी श्वासाचा जोर कमी केला तर ऑक्सिजन आणखी खाली जाणार. पण त्यांनी मधल्या अर्धवट जागा कमी केल्या तर जाग-खोल श्वास-थांबा हे चक्रच मोडणार आणि श्वास सलग होणार. दोन्ही गोष्टी पाहणीत दिसल्या आहेत. रोग्ला यांच्या गटाने २००० साली ३००० मीटरवर टेमाझेपाम हे बेंझोडायझेपिन देऊन रक्तातला ऑक्सिजन घटल्याचं आणि कार्बन डायऑक्साइड वाढल्याचं दाखवलं. त्याआधी १९९८ मध्ये डुबोविट्झ यांनी एव्हरेस्टच्या पायथ्याला त्याच औषधाने झोप सुधारल्याचं, सॅच्युरेशनचे हेलकावे कमी झाल्याचं आणि सरासरी जवळजवळ तशीच राहिल्याचं मांडलं. पुढे २००६ मध्ये निकोल आणि सहकाऱ्यांनी ५००० मीटरवर ३३ जणांना १० मिलिग्रॅम टेमाझेपाम दिलं. रात्रीतला आवर्ती श्वसनाचा वाटा १६ टक्क्यांवरून सुमारे ९ वर आला, सरासरी सॅच्युरेशन ७८ वरून ७६ वर उतरलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या कामगिरीत फरक दिसला नाही. या निकालांत वरवर भांडण दिसतं, पण एकाने रक्त तपासलं ते जाग्या माणसाचं आणि दुसऱ्यांनी मोजली ती झोपेतली रात्र.

आमच्या मते खरी मेख सरासरीत आहे. नकली गोळीच्या रात्री एखाद्याचं सॅच्युरेशन मिनिटाला दोनदा-तीनदा ८६ आणि ७२ यांच्यामध्ये झुलतं असं समजा. सरासरी ७९. गोळीच्या रात्री तोच माणूस सलग ७७ वर झोपतो. सरासरीकडे पाहणारा म्हणेल, गोळीने ऑक्सिजन पाडला. खोलातला तळ पाहणारा म्हणेल, ७२ चा ७७ झाला, सुधारला. तिसरा एखादा '८० च्या खाली किती वेळ' हा निकष लावेल, आणि त्याच्या हिशेबात नकली गोळीची रात्र निम्मी खराब आणि गोळीची रात्र शंभर टक्के खराब. तिघांपुढे नोंद एकच. म्हणून मुख्य निकष कोणता, हे पहिला माणूस निवडण्याआधी लिहून, तारीख घालून बंद करायचं. आम्ही तीन आकडे एकत्र देतो: सरासरी, दर तासाला ३ टक्क्यांहून मोठ्या घसरणी किती, आणि रात्रीतल्या सर्वांत वाईट दहाव्या हिश्श्याची सरासरी. एकटा कुठलाही आकडा छापायला आमचा विरोध आहे.

ऑक्सिमीटर कोविडमध्ये घरोघरी पोचला, त्यामुळे त्याच्याबद्दल सगळ्यांनाच सगळं कळतं असा समज आहे. रात्रभराच्या नोंदीसाठी तो घरगुती चिमटा चालत नाही. स्मृती असलेलं यंत्र लागतं, दर सेकंदाला एक आकडा साठवणारं, आणि त्याचा सरासरी काढण्याचा कालावधी तीन सेकंदांपेक्षा जास्त नको. बरीच यंत्रं कारखान्यातून आठ ते सोळा सेकंदांवर बांधून येतात. दवाखान्यात ते सोयीचं, कारण भोंगा सारखा वाजत नाही. पण इथे पूर्ण चक्रच वीस-तीस सेकंदांचं, त्यामुळे सोळा सेकंदांची सरासरी घेतली की दऱ्या बुजतात, आणि कुठल्याही गोळीशिवाय आवर्ती श्वसन 'बरं' होतं. दोन रात्री दोन वेगळ्या बांधणीच्या यंत्रांवर गेल्या तर ती जोडी फेकून द्यायची.

दुसरी गोष्ट अचूकतेची. उत्पादक हमी देतात ती ७० ते १०० या पट्ट्यात, साधारण दोन टक्के इकडेतिकडे. सत्तरच्या खालचा आकडा म्हणजे अंदाज. सावळ्या त्वचेवर यंत्र थोडं चढं दाखवू शकतं, हेही आता मान्य झालेलं आहे. आपण शोधतो तो फरक दोन टक्क्यांचाच, मग भरवसा कशाचा? तुलना त्याच माणसाची त्याच्याशीच, तेच यंत्र, तोच प्रोब, तेच बोट, याचा. आम्ही डाव्या हाताची अनामिका घेतो (डावखुऱ्याची उजवी), चिमट्याऐवजी मऊ सिलिकॉनचा प्रोब लावतो आणि वायर मनगटाला चिकटपट्टीने बांधतो. नेलपॉलिश काढायची, लग्नसराईत काळी मेंदी लावून आलेल्या मंडळींचं न रंगलेलं बोट शोधायचं. बोट गार पडलं की नाडीचा सिग्नल मरतो, म्हणून तळवा मोकळा सोडून लोकरी हातमोजा. यंत्रातली बॅटरी काढली की काहींचं घड्याळ शून्यावर जातं, आणि मग पहाटे तीनची घसरण कागदावर रात्री नऊला दिसते. बॅटरी बदलल्यावर घड्याळ लावून, फोनच्या वेळेसकट त्याचा फोटो काढून ठेवायचा, हा नियम आम्ही कडक पाळतो. थंडीत अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात, म्हणून लिथियमचे वापरायचे.

श्वास खरंच थांबला की घशाशी अडला, हे ऑक्सिमीटर सांगत नाही. त्यासाठी छाती आणि पोटावर दोन पट्टे आणि नाकाशी दाब मोजणारी नळी लागते. हवेचा प्रवाह दहा सेकंद बंद आणि पट्टेही स्थिर, तर तो मेंदूचा थांबा; पट्टे हलतायत पण नाकाशी हवा नाही, तर तो घोरणाऱ्याचा अडथळा. गोळी पहिल्याला कमी आणि दुसऱ्याला जास्त करू शकते, त्यामुळे दोन्ही एका बेरजेत घालणं म्हणजे निकाल पुसून टाकणं. लेहच्या कोरड्या हवेत नळीच्या टोकाशी खपली धरते आणि पहाटेपर्यंत सिग्नल सपाट होतो. तो श्वासाचा थांबा समजला गेलेला आम्ही पाहिला आहे. जोडाजोडीच्या वेळी थोडं सलाइन नाकात सोडलं की बराच फरक पडतो. कार्बन डायऑक्साइडसाठी त्वचेवरचा तापता सेन्सर वापरतो. तो तासागणिक सरकतो, म्हणून झोपण्याआधी आणि उठल्यावर ज्ञात वायूवर तपासून मधला फरक हिशेबात धरायचा. ऑक्सिजन मापकाचा सेल खरं तर दाब मोजतो आणि पडद्यावर टक्के दाखवतो. पुण्यात जुळवलेलं यंत्र तसंच लेहला चालू केलं तर ते उघड्या हवेत पंधरा टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन दाखवतं. वर पोचल्यावर ते पुन्हा २०.९ वर आणावं लागतं.

पुण्यातला टप्पा नायट्रोजन वाढवलेल्या हवेच्या तंबूत होतो. इथे एक चूक वारंवार होते. परदेशी तक्त्यांत ३५०० मीटरसाठी ऑक्सिजन १३.३ टक्के ठेवा असं असतं. तो आकडा समुद्रसपाटीचा. पुणं ५६० मीटरवर, इथला दाब ७११ च्या आसपास. वर लिहिलेलं गणित उलटं केलं की इथे १४.३ टक्के लागतात. तक्ता डोळे झाकून लावला तर माणूस लेहच्या कितीतरी वर, जवळपास ४००० मीटरवर नेऊन झोपवला जातो. तंबूत माणसाचाच कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि तो साठला की आवर्ती श्वसन आपोआप कमी होतं, म्हणजे गोळीचं श्रेय कोंदट हवेला जायला हवं. तंबूतलं प्रमाण ०.५ टक्क्यांखाली ठेवायला तो शोषून घेणारा सोडा लाइम आणि पुरेसा वारा हवा. ही हवा बनवणारा जनरेटर शेजारच्या खोलीत ठेवून लांब नळीने हवा आणायची, नाहीतर मोजमाप झोपेच्या गोळीचं होतं की गोंगाटाचं, सांगता येत नाही. याच टप्प्यात प्रत्येकाला गोळीचा पहिला डोस मिळतो. कोण झोपेत चालतो, कोणाला भ्रम होतो, हे जिन्याच्या पहिल्या पायरीवर कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.

परवानग्यांबद्दल थोडक्यात. नीतिसमिती, मग सीटीआरआय या भारतातल्या औषध-चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदणी; १ एप्रिल २०१८ पासून पहिला माणूस घेण्याआधीच ती व्हावी लागते. झोल्पिडेम शेड्यूल एच-१ या कडक नियंत्रणाच्या औषधयादीत येतं, तेव्हा खरेदीची चिठ्ठी, साठ्याची वही आणि कुलूप हे तिन्ही हवं. समितीचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो कोणाला घ्यायचं यावर, आणि जावाच. जवान आणि रस्त्यावर काम करणारे मजूर उंचीवर मुबलक भेटतात, पण वरिष्ठाने किंवा मुकादमाने 'जा' म्हटल्यावर दिलेली संमती ही संमती नव्हे. आम्ही त्यांना घेत नाही. स्थानिक लडाखी लोकांचा श्वास पिढ्यान्‌पिढ्या या हवेला सरावलेला, त्यांचा निकाल पर्यटकाला लावता येत नाही. घोरणारे, दमेकरी, गरोदर स्त्रिया, वेदनाशामक ओपिऑइड किंवा नैराश्याची औषधं घेणारे बाहेर. दोन दिवस दारू बंद, कारण सुमारे ५० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे लिटरभर बिअर, एकटीच ३००० मीटरवर श्वास मंदावते.

कॅप्सूलवर लोक सर्वांत कमी विचार करतात आणि आंधळी पद्धत, म्हणजे खरी गोळी कोणती हे कोणालाच कळू न देणं, बहुधा तिथेच फुटते. बाजारातली गोळी अपारदर्शक कॅप्सूलमध्ये घालून वर मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज भरतात. नकलीत नुसतं सेल्युलोज. वजन जुळायला हवं, कॅप्सूल हलवल्यावर आवाज यायला नको, आणि भरलेली कॅप्सूल मूळ गोळीइतक्याच वेळात विरघळते का, हे तपासायला हवं. साध्या जिलेटिनच्या टरफलात १३ ते १६ टक्के ओलावा असतो. लडाखच्या हवेत उघडी डबी ठेवली की तो उडतो आणि टरफल काचेसारखं तडकतं. बोटांत फुटलेल्या कॅप्सूलमधून गोळी घरंगळली की गुपित संपलं. वनस्पतिजन्य एचपीएमसी टरफलं इतकी ठिसूळ होत नाहीत. महाग पडतात, तरी तीच घ्यावीत, आणि एकेक डोस वेगळ्या फॉइलमध्ये बंद असावा.

एसिटाझोलामाइड या उंचीच्या त्रासावरच्या औषधाचा तिसरा गट ठेवला तर आंधळेपणा तसाही गळतो. १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेतलेल्याच्या बोटांना मुंग्या येतात, सोड्याची चव पचपचीत लागते, लघवी वाढते. सल्फाची ऍलर्जी असलेल्याला ते द्यायचं नाही. सकाळी प्रत्येकाला 'काल काय मिळालं असं वाटतं?' हे विचारून उत्तर जपून ठेवायचं. निम्म्याहून बरेच जास्त बरोबर ओळखत असतील, तर 'झोप छान लागली' या तक्रारवहीतल्या वाक्याला किंमत कमी आणि यंत्राच्या नोंदीला जास्त.

रात्रींचा क्रम हा दुसरा चोर. लेहमध्ये सॅच्युरेशन पहिल्या आठवड्यात रोज थोडं थोडं आपणहून चढतं. सगळ्यांना आधी नकली आणि नंतर खरी गोळी दिली तर साखरेची गोळीसुद्धा ऑक्सिजन वाढवणारी ठरेल. निम्म्यांना उलटा क्रम द्यायचा आणि विश्लेषणात 'कितवी रात्र' हा घटक वेगळा ठेवायचा. झोल्पिडेमचं अर्धायुष्य (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) सुमारे अडीच तास, त्याला मध्ये एक रिकामी रात्र पुरते. टेमाझेपामचं आठ ते पंधरा तास. तिथे तीन दिवस सोडावे लागतात, आणि तेवढ्यात शरीर बदललेलं असतं. लांब टिकणाऱ्या औषधासाठी म्हणूनच दोन स्वतंत्र गट केलेले बरे. लोक गोळी घेतात ती पहिल्या रात्री, तेव्हा अभ्यासही त्याच रात्री करा असा आग्रह काही जण धरतात. मुद्दा रास्त आहे, पण विमानातून उतरलेल्या माणसाला पहिल्याच रात्री गुंगी देण्याची आमची तयारी नाही. अठ्ठेचाळीस तास जाऊ देतो.

प्रत्यक्ष रात्री लेक लुईस गुणांकनाने, म्हणजे उंचीच्या त्रासाला गुण देणाऱ्या प्रश्नावलीने, सुरुवात. २०१८ च्या सुधारणेनंतर त्यात डोकेदुखी, पोट, थकवा आणि चक्कर हे चारच प्रश्न आहेत, प्रत्येकी ० ते ३. झोपेचा प्रश्न काढून टाकला, ते आमच्या कामाच्या दृष्टीने फार बरं झालं. डोकेदुखी आहे आणि बेरीज तीन किंवा जास्त, तर त्या रात्री डोस नाही. जेवण आणि गोळी यांत दोन तास अंतर, कारण भरल्या पोटी झोल्पिडेम उशिरा चढतं. पुरुषांना १०, स्त्रियांना ५ मिलिग्रॅम. गोळी पलंगावर बसून घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं. खोली तळमजल्यावर, स्वच्छतागृह आतच, वाटेवर मंद दिवा. रात्री लघवीला उठलेला गुंगीतला माणूस हा या अभ्यासातला सर्वांत खरा धोका आहे, सॅच्युरेशनच्या आकड्यापेक्षाही. सलग तीन मिनिटं ६५ च्या खाली गेलं की माणसाला उठवून बसवायचं आणि नळीने मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन सुरू. बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे दीड हजार लिटर असतो, म्हणजे या गतीने बारा तास. वीज केव्हाही जाते, तेव्हा कॉन्सन्ट्रेटरवर विसंबायचं नाही. गोळीचा अंमल उतरवणारं फ्लुमाझेनिल ०.२ मिलिग्रॅमच्या टप्प्यांत शिरेतून द्यायला तयार ठेवलेलं असतं. त्याचा असर लवकर ओसरतो आणि गुंगी परतू शकते, तेव्हा ते दिल्यावर पहारा उठवायचा नाही.

सकाळी माणूस सुस्त उठला, पाय लटपटतायत. गोळीचा अंमल, की उंचीमुळे मेंदूला सूज येऊ लागली? चेहरा दोन्हीत सारखाच. आम्ही त्याला सरळ रेषेवर टाच-अंगठा जुळवत चालायला लावतो, पण ही चाचणी गोळीमुळेही बिघडते. तेव्हा वेळ हाच निकष: झोल्पिडेम घेऊन आठ तास झाल्यावरही चाल सुधारत नसेल, किंवा तासाभरात बिघडत असेल, तर सूज मानून चालायचं. सूज उतरवणारं डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅम, मग दर सहा तासांनी ४, ऑक्सिजन, आणि खाली उतरवण्याची व्यवस्था. गोळी कोणती होती हे जाणून घ्यायला त्या एका माणसाचं संकेताचं पाकीट (कोणाला काय दिलं हे त्यात बंद असतं) लगेच फोडायचं. अभ्यासाची काळजी नंतर. हा घोटाळा पर्यटकाच्या हॉटेलातल्या खोलीत उलगडायला कोणी नसतं, आणि उंचीवरच्या झोपेच्या गोळीबद्दलची आमची मुख्य हरकत श्वासापेक्षा हीच आहे.

बाकीच्यांची दहा मिनिटांची दक्षता चाचणी होते: पडद्यावर ठिपका आला की बटण दाबायचं, ५०० मिलिसेकंदांच्या वर गेलं की चूक. सरावाने यात फारशी सुधारणा होत नाही, तरी पुण्यातच थोडा सराव करून घ्यायचा. चहा चाचणीनंतर, यावरून कुरबुर होते, होऊ द्यावी.

नोंदी वाचणाऱ्याला रात्र कितवी आणि गोळी कोणती हे माहीत नसावं. ज्यांच्या प्रोबने रात्रीत चार तासांपेक्षा कमी नोंद दिली त्यांना सरळ वगळायची पद्धत आहे, ती धोक्याची. तळमळणाऱ्याचाच प्रोब सुटतो, आणि तळमळ नकली गोळीच्या रात्री जास्त असते. वाईट रात्री गळाल्या की नकली गोळी आहे त्यापेक्षा चांगली दिसू लागते. कोण का गळलं, हे गटवार छापावं.

संकेतांची पाकिटं उघडायच्या आधी उरलेल्या कॅप्सूल मोजायच्या: आलेल्या, दिलेल्या, फुटलेल्या, परत आलेल्या. बेरीज एच-१ च्या वहीशी जुळली पाहिजे. एक जरी कमी भरली, तर निकाल थांबवून आधी ती शोधायची.